सात मिनिटांचा पुरावा

"कुणी सांगितलं?"

छापखान्यातल्या मुख्य मुद्रितशोधकांचा हा आवाज. ते जाऊन तीस वर्षं झाली, छापखाना मोडून तिथं मोटारी उभ्या राहू लागल्या, पण पुरावेकाकांच्या कानात तो आवाज अजून तसाच आहे. यंत्रांच्या धडधडीवरून तरंगत येणारा, चष्म्याच्या वरून बघणारा आवाज. एकोणिसाव्या वर्षी, कामाच्या पहिल्याच दिवशी काकांनी एका पुस्तकातली नदीची लांबी स्वतःच्या अकलेनं दुरुस्त केली होती. म्हाताऱ्यानं मानसुद्धा वर केली नाही.

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे की."

"मग सगळ्यांना बोलाव," म्हातारा म्हणाला. "इथं समासात सही करू दे एकेकाला."

त्या दिवसापासून काकांनी पुराव्यावाचून घोटभर पाणीही प्यायलं नाही. दूधवाला म्हणाला, आज दूध ताजं आहे, तर "कुणी सांगितलं?" डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, तर "कुणी सांगितलं?" शेजाऱ्याच्या घरी पाळणा हलला आणि लोक म्हणाले, बाळ बापावर गेलंय, तेव्हा काकांनी तोंड उघडलं तोच काकूंनी त्यांचा पाय दाबला. नाहीतर एक घर बसता बसता मोडलं असतं.

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत रमतात, गुडघे सांभाळतात. काकांनी मुक्त ज्ञानकोश धरला. इंटरनेटवरचा हा ज्ञानकोश म्हणजे बिनदाराचं घर. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्यानं लिहिलेलं खोडावं. अशा घराला राखणदार लागतो, आणि काका जन्मभर राखणदारच तर होते. कुणी पुराव्याशिवाय ओळ लिहिली की पाच मिनिटांत काकांनी ती उलटवलीच म्हणून समजा.

एवढ्यावर त्यांचं भागेना. दर बुधवारी दुपारी चारला वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते नवख्यांचा वर्ग घेऊ लागले. सहा संगणक, एक पडदा, एक पंखा, आणि भिंतीवर काकांच्याच वळणदार अक्षरात ज्ञानकोशाचा जुना नियम: 'नवख्यांना दटावू नका.' कागदाचा एक कोपरा सुटला होता आणि पंखा लागला की तो नियम नकारार्थी मान हलवायचा.

"मला दगड आणून द्या," काका घरी म्हणायचे, "चार बुधवारांत त्याचा संपादक करून देतो."

"दगडालाही 'कुणी सांगितलं' विचारलंत तर तो उठून जाईल," काकू म्हणायच्या आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून जायच्या.

वर्गात काका नमुना म्हणून नेहमी एकच लेख दाखवत: गावातला घड्याळ मनोरा. तो लेख त्यांनीच लिहिलेला. पोटच्या पोरासारखा वाढवलेला. सव्वीस वाक्यं, एकोणीस संदर्भ. आणि त्यातलं अकरावं वाक्य म्हणजे लेखाच्या कपाळावरचा टिळा: घड्याळ बनवणाऱ्या कारागिराची वाग्दत्त वधू ठरल्या भेटीला सात मिनिटं उशिरा आली, तिला कुणी 'उशिरा आली' असं म्हणू नये म्हणून त्यानं घड्याळच कायमचं सात मिनिटं मागं ठेवलं. या एका वाक्याला दोन संदर्भ. एक, नगरपालिकेची 'आपला वारसा' ही पुस्तिका, पान चौदा. दुसरा, लोकगीत.

त्या बुधवारी वर्गाला फक्त दोन जण आले. एक निवृत्त बस कंडक्टर, ज्यांना स्वतःच्या मार्गावरचे सगळे थांबे ज्ञानकोशात घालायचे होते. आणि एक चाळिशीची बाई. बोटांना तेलाचा वास, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. तिनं नाव लिहिलं नाही. धंद्याच्या रकान्यात लिहिलं: घड्याळं.

काकांनी पाऊण तास नियम सांगितले. प्रत्येक विधानाला छापील पुरावा हवा. दुसऱ्यानं केलेला बदल एका माणसानं एका लेखात दिवसात तीनदाच उलटवावा, म्हणजे रद्द करावा. चौथ्यांदा उलटवला की चोवीस तास हात बांधले. कंडक्टरांनी सगळं वहीत टिपून घेतलं.

"आता तुम्ही काहीतरी करून बघा," काका म्हणाले. "भिऊ नका. इथं काही मोडत नाही."

घड्याळवालीनं मनोऱ्याचा लेख उघडला, अकरावं वाक्य निवडलं आणि खोडून टाकलं.

काका पडद्याकडं धावले. पडद्यावर दहाव्या आणि बाराव्या वाक्याच्या मध्ये नुसती पांढरी फट राहिली होती, पुढचा दात पडल्यासारखी.

"बाई, चुकून खोडलं गेलं तुमच्याकडून," ते गोड आवाजात म्हणाले आणि वाक्य परत आणलं.

"चुकून नाही," बाई म्हणाली आणि पुन्हा खोडलं. "ते खोटं आहे."

"कुणी सांगितलं?"

"घड्याळानं."

कंडक्टरांनी वही मिटली. वर्गात आता काहीतरी शिकण्यासारखं होणार हे त्यांनी ताडलं.

"दर सोमवारी मी वर चढते," बाई म्हणाली. "माझ्याआधी माझे वडील चढायचे. मोठ्या काट्याच्या बुंध्यातली पिन झिजलीय. अर्धा तास उलटून काटा चढणीला लागला की जरा घसरतो. दिवसाला मिनिटाहून थोडं जास्त. सोमवारी बरोबर लावलं की रविवारी सात मिनिटं मागं. यात बाईमाणसाचा काही संबंध नाही."

"हा तुमचा अनुभव झाला," काका म्हणाले आणि वाक्य परत आणलं. "अनुभव इथं चालत नाही."

"वडिलांची नोंदवही आहे. चाळीस वर्षांची."

"छापलेली आहे?"

"हातानं लिहिलीय. वर चढून, दिव्याच्या उजेडात."

"मग नाही चालायची."

बाईनं वाक्य खोडलं. "म्हणजे ज्याला माहीत आहे त्यानं सांगायचं नाही, आणि ज्याला माहीत नाही त्यानं छापलं की ते खरं?"

"छापताना कुणीतरी तपासतं," काका म्हणाले. जन्मभराच्या नोकरीचा अपमान त्यांच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत चढला होता. वाक्य परत आलं.

"या घड्याळापायी लोक मला शिव्या घालायचे," कंडक्टर मध्येच म्हणाले. "वर बघून निवांत यायचे, आणि गाडी सुटलेली. मला वाटायचं माझंच मनगटी घड्याळ पुढं पळतंय."

कंडक्टरांचं कुणी ऐकलं नाही. बाईनं वाक्य चौथ्यांदा खोडलं. काकांनी ते चौथ्यांदा परत आणलं, इतक्या जोरात की कळफलकावरचं एक बटण उडून पंख्याच्या दिशेनं गेलं.

आणि पडद्यावर लाल चौकट आली.

कुठल्याशा गावी बसून ज्ञानकोशावर देखरेख ठेवणाऱ्या कुठल्याशा प्रचालकानं लिहिलं होतं: 'आपण एका दिवसात चार वेळा बदल उलटवल्यामुळे आपल्याला चोवीस तास संपादन करता येणार नाही. आपण नवीन दिसता. नवख्यांसाठी ठिकठिकाणी वर्ग भरतात, त्यांचा लाभ घ्यावा.' शिवाय लेखाला कुलूप लागलं होतं. अकरावं वाक्य सुखरूप आत, आणि आता त्याला फक्त जुन्या संपादकांनीच हात लावायचा. गावात जुना संपादक एकच. त्याचे हात बांधलेले.

"बाईंनाही बांधायला हवं!" काका ओरडले. "त्यांनीही चारदा खोडलं."

कंडक्टरांनी वही उघडली. "नाही काका. पहिलं खोडणं म्हणजे नुसता बदल. उलटवणं त्यानंतर. बाईंचे तीन, तुमचे चार. तुम्हीच सांगितलंत."

भिंतीवरच्या नियमानं नकारार्थी मान हलवली.

घरी जाताना काकांची पावलं रस्त्याला शिव्या देत होती. मला नवखा म्हणतो. मला. ज्याच्या हाताखालून सव्वादोनशे पुस्तकं गेली त्याला. काकू शर्टाला बटण लावत बसल्या होत्या. काकांनी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. ऐकता ऐकता काकूंची सुई थांबली.

"कोणतं वाक्य म्हणालात?"

"आपलं. सात मिनिटांचं."

"जाऊ द्या ना," काकू म्हणाल्या. "एका वाक्यानं काय आभाळ कोसळतंय."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

काकूंनी दोरा दातानं तोडला. एरवी त्या कात्री मागतात.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, काका नगरपालिकेच्या वारसा विभागात जाऊन उभे राहिले. पुरावा म्हणजे काय, हे घड्याळवालीला समक्ष दाखवावं म्हणून तिलाही बोलावलं होतं. ती खांद्याला पिशवी लावून आली. वारसा विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, तिथं एक कारकून, आणि कारकुनापेक्षा उंच फायलींचे दोन गठ्ठे.

"सात मिनिटं?" कारकुनाचा चेहरा खुलला. "साहेब, ती तर आपली शान. मनोऱ्याखाली पितळी पाटी लावलीय आम्ही. शिवाय पाच वर्षांपूर्वी हुकूम काढला: घड्याळ सदैव सात मिनिटे मागे ठेवावे. त्याला आम्ही 'वारसा-विलंब' म्हणतो."

"म्हणजे काय होतं, माहीत आहे काका?" घड्याळवाली म्हणाली. तिचा आवाज वर्गात चढला नव्हता, तो इथं चढला. "सोमवारीच मला ते सात मिनिटं मागं लावावं लागतं. पिन आपलं काम सोडत नाही. रविवारी ते चौदा मिनिटं मागं. सरकारी हुकमानं चुकीचं लावायचं, आणि ते चुकीचंही बरोबर राहत नाही. वडील असते तर त्यांनी मनोऱ्यावरून मला हाक मारून विचारलं असतं, हेच शिकवलं का तुला?"

तिनं पिशवीतून एक कागदाची पुडी काढली. आत दोन पिना. एक जुनी, मधोमध उंदरानं कुरतडल्यासारखी बारीक. एक नवी, लखलखीत.

"ही जुनी छोट्या काट्याची, गेल्या पावसाळ्यात बदलली तेव्हा काढलेली. मोठ्या काट्याची आत आहे ती याहून बारीक झालीय. तो काटा चौदा किलोचा आहे. खाली बसथांबा. त्याची नवी पिन चार महिन्यांपूर्वीच करून ठेवलीय मी, बसवायला दोन तास लागतात. हे परवानगी देत नाहीत."

"देणार कशी?" कारकून म्हणाला. "पिन बसवली तर विलंब जाईल, विलंब गेला तर वारसा जाईल. उद्या अकराला समितीची बैठक आहे. तिच्यापुढं तुमचा अर्ज ठेवतो, पण समितीतली मंडळी आधी ज्ञानकोश उघडून बघतात. तिथं वाक्य असेल तर अर्ज नामंजूर. मी बाईंना मागंच सांगितलं, आधी तिथलं खोडून या."

म्हणून बाई वर्गाला आली होती तर. लेख लिहायला नव्हे, एक काटा कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून.

काकांनी घसा साफ केला. "ते सगळं ठीक. पण पुरावा तो पुरावा. पितळी पाटी कशावरून केलीत?"

"पुस्तिकेवरून. पान चौदा."

"आणि पुस्तिका कशावरून?"

असा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारला नव्हता. कारकुनानं पुस्तिका झटकली, शेवटचं पान काढलं आणि मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. काकांनी चष्मा पुसला. घड्याळवालीनं गळ्यातलं भिंग पुढं केलं.

भिंगाखाली मुंगी मोठी झाली: 'आधार: मुक्त ज्ञानकोश, लेख: घड्याळ मनोरा.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा. काकांनी अकरा वर्षांपूर्वी वाक्य लिहिलं. नऊ वर्षांपूर्वी पुस्तिकेनं ते उचललं. आठ वर्षांपूर्वी काकांनी अभिमानानं त्याच वाक्याखाली पुस्तिकेचा दाखला जोडला. आपल्याच अंगणातला आंबा शेजाऱ्यानं नेला, आणि त्याच्याकडून तो विकत आणून काका गावभर सांगत होते, बघा, शेजाऱ्याकडेही असाच आंबा मिळतो.

"अजून लोकगीत आहे," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"कुठलं?" घड्याळवालीनं विचारलं.

काकांनी जिन्याखाली उभं राहून ते म्हणून दाखवलं:

*घड्याळाच्या काट्या, तुला कशाची रे घाई,*
*सात मिनिटं थांब जरा, वाटेवर आहे बाई.*

"गोड आहे," कारकून म्हणाला. "मी कधी ऐकलं नाही."

"मीही नाही," घड्याळवाली म्हणाली. "आणि मी मनोऱ्याखाली वाढलेय."

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी काकांचे हात सुटले. ते संगणकासमोर बसले आणि त्यांनी लेखाचा इतिहास उघडला. ज्ञानकोशात प्रत्येक लेखाला इतिहास असतो. कुणी कोणती ओळ कधी घातली आणि का, ते सगळं तिथं जपलेलं असतं. नवख्यांना काका सांगत, इतिहासापासून कुणी लपत नाही. ते मागं मागं गेले. अकरा वर्षांपूर्वीची एक नोंद. त्यांचंच नाव. आणि 'बदलाचं कारण' या रकान्यात त्यांनीच लिहिलेले तीन शब्द:

'सगळ्यांना माहीत आहे.'

 काकांच्या कानात यंत्रं धडधडू लागली, आणि त्यांच्यावरून तो आवाज तरंगत आला. मग सगळ्यांना बोलाव.

शेजारच्या खोलीत काकू घड्या घालता घालता गुणगुणत होत्या. घड्याळाच्या काट्या, तुला कशाची रे...

"अगं," काकांनी हाक मारली. "हे गाणं तुला कुणी सांगितलं?"

गुणगुणणं थांबलं. काकू दारात आल्या, हातात अर्धी घडी घातलेली चादर.

"कुणी नाही. मी केलं. कपडे वाळत घालताना."

"मी लोकगीत म्हणून दिलंय ते. ज्ञानकोशात."

"मग? मी लोकांत येत नाही का?"

 "आणि ती गोष्ट? कारागिराची?"

काकूंनी चादर छातीशी धरली. "लग्नाआधी आपण पहिल्यांदा भेटलो ते आठवतं? मनोऱ्याखाली, रविवारी, सहा वाजता. मी सात मिनिटं उशिरा आले. तुम्ही मनगट माझ्या नाकासमोर धरलंत. 'सहा वाजून सात,' म्हणालात. नाव विचारायच्या आधी. मी वर बघितलं, तर मनोऱ्यावर बरोबर सहा. मग जे सुचलं ते सांगितलं."

"म्हणजे तू खोटं बोललीस."

"गोष्ट सांगितली. तुम्ही ती छापाल हे मला काय ठाऊक?"

"चाळीस वर्षं!" काका खुर्चीवरून उठले. "चाळीस वर्षं ती कथा मी लोकांना सांगतोय, वर्गात शिकवतोय. एका शब्दानं बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठं?" काकूंचाही आवाज चढला. रागावायचा हक्क काय एकट्या काकांचा होता? "दूधवाल्याला विचारता, डॉक्टरला विचारता. माझ्या भावाला त्याच्या वयाचा दाखला मागितलात भरल्या पंगतीत. मला तेवढं कधी 'कुणी सांगितलं' म्हणून विचारलं नाहीत. मी म्हटलं, असू दे. जगात एक तरी माणूस असावं, ज्याचं बोलणं या गृहस्थाला पुराव्याशिवाय पटतं."

काका खाली बसले. मग त्यांनी अकरावं वाक्य निवडलं आणि खोडलं. मन घट्ट करावं लागलं. खाली रकाना होता, बदलाचं कारण. काकांनी तिथं लिहिलं: 'हे वाक्य मीच घातलं होतं. सांगणाऱ्या व्यक्तीवर विश्वास असल्यानं पुरावा मागितला नाही. कारण खरं म्हणजे काट्याची पिन झिजली आहे, पण ते अजून कुणी छापलेलं नाही.'

काकूंनी मागून वाचलं आणि चादरीची घडी पूर्ण केली.

शुक्रवारी समितीनं ज्ञानकोश उघडला, वाक्य सापडलं नाही, आणि वारसा दहा मिनिटांत संपला. नवा हुकूम निघाला: घड्याळ बरोबर ठेवावे. आधार म्हणून त्यातही ज्ञानकोशच दिला होता. काकांना ते वाचून ठसका लागला, पण तक्रार करायची सोय नव्हती. शनिवारी घड्याळवालीनं वर चढून दोन तासांत पिन बसवली. खाली कंडक्टर उभे राहून लोकांना बसथांब्यापासून दूर ठेवत होते, शिट्टीसकट. जुनी पिन बाहेर आली ती दोन तुकड्यांतच. पितळी पाटी काढली, तिथं भिंतीला चार भोकं राहिली. घड्याळवालीनं वडिलांच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं: बरोबर.

"छापून घ्या ही वही," काका तिला म्हणाले. "मुद्रितं मी तपासतो. मग ज्ञानकोशात घालू."

"आणि कुणी विचारलं, कुणी सांगितलं, तर?"

"घड्याळानं, म्हणून सांगा," काका म्हणाले.

रविवारी काकांनी काकूंना मनोऱ्याखाली बोलावलं. सहा वाजता. स्वतः पावणेसहालाच जाऊन उभे राहिले. वर घड्याळात सहा वाजले, मनगटावर सहा वाजले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दोन घड्याळांचं रविवारी एकमत झालं होतं. काकू आल्या तेव्हा दोन्हीकडं सहा वाजून सात मिनिटं झाली होती.

काकांनी मनगट उचललं, अर्ध्यावर थांबवलं आणि खाली घेतलं.

"बघून घ्या," काकू म्हणाल्या. "आता वरचं घड्याळही माझ्या बाजूचं नाही."

"राहू दे." काका जरा घुटमळले. "एक विचारू? त्या दिवशी तुला उशीर कशानं झाला होता?"

काकूंनी समोरच्या बसथांब्याकडं पाहिलं. तिथला खांब अजून तोच होता, फक्त रंग बदलला होता.

"उशीर झालाच नव्हता. सहाला पाच कमी असतानाच आले होते मी. त्या खांबाआड उभी होते. तुम्ही बसच्या वेळापत्रकाच्या फलकावर पेन्सिलीनं चुका दुरुस्त करत होतात. अख्खा फलक, वरपासून खालपर्यंत. म्हटलं, या माणसाबरोबर जन्म काढायचा? पाय पुढं पडेना, मागंही पडेना."

काका दबक्या आवाजात म्हणाले, "मग आलीस कशी?"

"शेवटून दुसरी गाडी," काकू म्हणाल्या. "फलकावर तिची वेळ चुकलेली होती आणि ती चूक तुमच्या नजरेतून सुटली. तेवढी सांगावी म्हणून खांबाआडून निघाले. तर तुम्ही घड्याळ दाखवलंत. मग नाही सांगितली."